शितलचा हात

ज्ञानेश : झालीय म्हणतो ना बाई. चावी आतच लटकतीय. बस आन् निघ, दिवस मावळायच्या आत मांडवगणला पोचशील.

शितल : निघते रे दादा. जरा बघू तरी दे. चढायला आता पायाखाली वीट लागंल.

ज्ञानेश : तुझीच हौस. एकतीस इंची टायर. बारक्या पोरानं बापाचं बूट घातल्यागत दिसतीय जिप्सी.

शितल : दिसू दे. खडकावर पोट घासायची, ते थांबलं. पण टायर मोठं केल्यापासनं इंजिन पार रडकुंडीला आलं होतं. साधा कालव्याचा चढ, तर पहिला गिअर टाकायला लागायचा. सई म्हणली, आई, टायर बदललं तर आतलं कशाला बदलायचं? म्हणलं, चाक मोठं झालं की फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून आतले दात बदलायचे. दातांचे दोन सेट आणून दिले तुला. क्राउन-पिनियनचा एक मागच्या चाकांमधल्या हौसिंगला, एक पुढच्या. दोन्ही बसवलेस ना?

ज्ञानेश : बसवले की.

शितल : पुढचा पण?

ज्ञानेश : आता स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ का?

शितल : चिडतो कशाला? खडू दे. फेरे मोजते आन् जाते.

ज्ञानेश : कशाला मोजायचं?

शितल : हे तू विचारतोस? चाक फिरवायचं, शाफ्टचे फेरे मोजायचे, मागचं-पुढचं जुळतंय का बघायचं. मोजल्याबिगर गाडी दाराबाहेर काढायची न्हाई, आण्णांचा नियम हाय.

ज्ञानेश : आण्णांचा नियम आण्णांच्या घरी. आन् आण्णांचं घर आता मांडवगणला हाय, नव्हं? हितं कासुर्डीत माझं चालतं.

शितल : झालं सुरू.

ज्ञानेश : मी काय सुरू केलं? हायवेच्या टपरीवर जाऊन ऐक. 'काय ज्ञानेश, म्हातारा लेकीकडं ऱ्हातो म्हणं? सुनेनं जेवायला घातलं न्हाई का?' दोन वर्षं झाली, रोज. अनितानं तर टपरीवरनं जायचा रस्ताच सोडलाय.

शितल : वहिनीला कोण काय बोललं तर मला सांगायचं. आन् आण्णांचे डोळे गेले तवा मी काय न्यायला आले नव्हते. तेच म्हणले, मला शितलकडं सोड.

ज्ञानेश : तेच तर. तू ओढून न्हेलं असतं तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो. त्यांनी मागून घेतलं. पोराचं गॅरेज सोडून, आख्खा जन्म जिथं काढला ते सोडून, जावयाच्या वसरीला जाऊन बसले.

शितल : तुझं पोट दुखतंय.

ज्ञानेश : दुखतंय की. न्हाई कुठं म्हणतो? तुझ्याकडं शेवंतीचा मळा हाय, बंगला हाय, सासऱ्याची ही जिप्सी हाय, आन् वर आमचा बाप पण हाय. देवानं सगळं एकाच ताटात वाढलंय. आम्ही हितं रिकामं ताट घेऊन तुझ्या तोंडाकडं बघत बसायचं.

शितल : बरं, नको मोजायला. तू केलंय म्हणतोस तर केलंय. सरक, निघते.

ज्ञानेश : आता राग आला?

शितल : राग न्हाई. भाऊ हायस, शपथा काय घ्यायच्या? रविवारी दौंडला नदीच्या खडकात पुण्याची क्लबवाली येणारेत. वीस-बावीस गाड्या. सगळ्या नटूनथटून आलेल्या. त्यात माझी एकटीची कासुर्डीत बनलेली. बघू द्या म्हणावं.

ज्ञानेश : दाजी येतील ना शेजारी बसायला?

शितल : ह्यांना? ह्यांना पहिल्या खड्ड्याला मळमळतं. सई बसणारे.

ज्ञानेश : सई?

शितल : अकरावीला गेली, आता घरात थांबती व्हय ती! आधी नको म्हणत होती. मागच्या खेपेला गाडी चढावरनं मागं घसरली, तवापास्नं भ्यायली होती. काल म्हणली, ह्या बारीला गाडी मामानं केलीय का? म्हणलं व्हय. मग बसते म्हणली.

ज्ञानेश : असं म्हणली?

शितल : मामावर लई भरवसा तिचा. आता सरक की. चाकापुढं काय उभा ऱ्हायलास?

ज्ञानेश : उतर.

शितल : का?

ज्ञानेश : खडू घे. त्या कपाटात, वरच्या फळीला. मोज.

शितल : आत्ता तर कशाला म्हणत होतास!

ज्ञानेश : आता मोज म्हणतोय. मी जॅक लावतो.

शितल : काय माणूस हायस! बरं, मागचं आधी. मी खाली जाते, तू चाक फिरव. एकच चाक उचललंय, म्हंजी चाकाचे दोन फेरे घ्यायचे. सावकाश. एक... दोन... तीन... चार... पाच, आन् वर बोटभर. थांब. बरोबर हाय, नवा सेट. छान फिरतोय रे, कुठं अडकत पण न्हाई.

ज्ञानेश : पुढचं बघ.

शितल : हब लॉक केलंस? हां, फिरव. एक... दोन... तीन... का थांबलास?

ज्ञानेश : चाकाचे दोन फेरे झाले.

शितल : न्हाई झाले. परत फिरव.

ज्ञानेश : झाले, शितल.

शितल : परत फिरव म्हणते ना. एक. दोन. तीन. आन्... चारला पण पोचंना.

ज्ञानेश : न्हाई पोचायचं.

शितल : हा जुनाच सेट हाय.

ज्ञानेश : व्हय.

शितल : विसरलास?

ज्ञानेश : न्हाई.

शितल : मग काय? दादा, मागं पाच आन् पुढं पावणेचार? रस्त्याला कळणार पण न्हाई, मागच्या चाकावर पळंल मुकाट. पण खडकात फोर बाय फोर टाकला, चारी चाकांना जोर दिला की पुढची चाकं पळायला बघणार, मागची ओढून धरणार. मधला गिअरचा डबा फुटंल.

ज्ञानेश : ठाव हाय.

शितल : ऐन चढावर फुटला तर गाडी सुटली ना मागं!

ज्ञानेश : ठाव हाय म्हणलं ना! मला वाटलं सपाटीलाच फुटंल. त्या पुण्यावाल्यांसमोर फुटंल, टोचन लावून ओढत आणतील, आन् घरी गेल्यावर तुला आण्णांना सांगायला लागंल की तुझी गाडी बंद पडली. एवढंच बघायचं होतं मला. सई बसणार हे ठाव नव्हतं.

शितल : आन् सई नसती तर?

ज्ञानेश : ते विचारू नको.

शितल : विचारते. मी एकटी असते तर सोडली असतीस गाडी?

ज्ञानेश : सोडलीच होती की. चावी आत लावून.

शितल : भाऊबीजेला ओवाळते रे तुला मी.

ज्ञानेश : ओवाळतीस. आन् ताट खाली ठेवायच्या आत आण्णांचा निरोप देतीस. 'दादाला म्हणावं, दाताला नीळ पातळ लाव. दादाला म्हणावं, टॉर्च जवळ धर.' पंचेचाळीस वर्षांचा झालो मी, शितल.

शितल : म्हणून माझी गाडी मोडायची? लाज न्हाई वाटली? हे दोन वेळा म्हणले, गाडी पुण्याला न्हेऊ. मी भांडून तुझ्याकडं पाठवली. म्हणलं, माझा भाऊ करंल.

ज्ञानेश : ऐकायचंय का? ऐक मग. मागचं बसवलं, जीव ओतून बसवलं. सोमवारी पुढचं उघडलं. तू बसवलेला जुना सेट. एकोणीस वर्षं पळालेला. मी नीळ लावून ठसा बघितला, दातावर दात कुठं टेकतो त्याचा, तर दाताच्या बरोब्बर मधी. ना वर, ना खाली. एक दात खाल्लेला न्हाई. मी टॉर्च घेतला. मग भिंग घेतलं. तास-दीड तास बसलो चूक शोधत. एक तरी सापडंल म्हणलं. सापडंना.

शितल : दादा...

ज्ञानेश : थांब, बोलू दे. अनिता जेवायला हाका मारत होती, उठलो न्हाई. वाटलं, हे उखडायचं आन् त्या जागी माझं बसवायचं. आन् माझं रडणार, पळताना आवाज करणार. जरा का होईना, रडणार. तिकडं आण्णा वसरीला बसून ऐकणार, गाडी दारात यायच्या आत ओळखणार आन् म्हणणार, शितलचा हात तो शितलचा हात. माझा धीरच झाला न्हाई. झाकण लावलं, तेल भरलं. त्या वक्ताला राग नव्हता बघ. राग दुसऱ्या दिवशी आला. म्हणलं, आता असंच जाऊ दे. हिच्या हातचं हिच्याच हातात फुटू दे.

शितल : दादा, जरा खाली बस.

ज्ञानेश : ह्याच हौसिंगपायी मी सणसवाडीला गेलतो, ठाव हाय ना? बापूसाहेब, आत्ताचे तुझे सासरे, गाडी न्यायला आलेले. मी बसवलेलं. ट्रायलला गाडी अशी रडली की टपरीवरची माणसं उठून बघाय लागली. आन् आण्णांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातला पाना काढून घेतला. म्हणले, तू म्हशी राख. शितल, तू उघड आन् परत बसव. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली मी. अडीच वर्षं कंपनीत. एका खोलीत सहा जण, त्यातले चार बिहारचे. तिथं पण गावाकडचं कोण भेटलं की तेच, 'तुझ्या बहिणीनं म्हणं पुढचं हौसिंग काय बसवलं, काय बसवलं!' त्यांना च्या पाजायचो आन् आत जळायचो.

शितल : तो सेट मी बसवलेला न्हाई.

ज्ञानेश : काय?

शितल : तो मी न्हाई बसवलेला.

ज्ञानेश : मग कुणी? आण्णांनी?

शितल : तू.

ज्ञानेश : माझा तर तू काढलास ना.

शितल : उघडला. काढला न्हाई. नीळ लावून फिरवला, ठसा बघितला. मधोमध. मी पण शोधली चूक. मला पण सापडली न्हाई. झाकण लावलं परत. आवाज उजव्या चाकाच्या बेरिंगचा होता. बेरिंग बदललं, आवाज गेला.

ज्ञानेश : बेरिंग.

शितल : बेरिंग.

ज्ञानेश : आन् आण्णा? आण्णांना सांगितलं न्हाईस?

शितल : आण्णा बापूसाहेबांना घेऊन हायवेला चक्कर मारून आले. उतरले ते बोलतच उतरले. 'बघा बापूसाहेब, ह्याला म्हणत्यात शितलचा हात!' बापूसाहेब हसले, माझ्याकडं बघितलं. म्हणले, पोरीचं कुठं ठरलंय का? तिथनं माझी सोयरिक. न्हाईतर मांडवगणची एवढी मोठी माणसं मेकॅनिकच्या पोरीला कशाला विचारतील?

ज्ञानेश : आन् तू गप.

शितल : संध्याकाळी सांगणार होते. मग म्हणलं, तू सणसवाडीवरनं परत आलास की सांगीन. मग लग्न झालं, मग सांगायचं राहून... न्हाई. राहून न्हाई गेलं. ठेवलं मी.

ज्ञानेश : एकोणीस वर्षं.

शितल : तू जन्मलास तवाच ठरलं होतं गॅरेज तुझं म्हणून. वर बोर्ड बघ. 'आण्णा अँड सन.' दहावीपासनं मी पण ग्रीसमध्ये हात घातले की. माझं नाव आलं का कुठं पत्र्यावर? गिऱ्हाईक आलं की मला आत च्या करायला धाडायचे, आन् तू बाहेर उभा, खिशात पाना घालून. लई जळायचे मी तुझ्यावर. मला आण्णांकडनं आख्ख्या जन्मात एकच वाक्य मिळालं. ते तुझं होतं. मी परत केलं न्हाई.

ज्ञानेश : अगं, मला वाटायचं मलाच येत न्हाई. अजून हौसिंगचं झाकण लावलं की परत उघडून बघतो मी. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं की दारात कान देऊन उभा ऱ्हातो, रडती का, रडती का. एक तरी गाडी मी नीट झोप लागंल अशी दिली असंल का? माझ्या हातातच खोट हाय म्हणायचो.

शितल : मला ठाव हाय.

ज्ञानेश : तुला ठाव हाय?

शितल : बघत होते की. माहेराला आले की बघायचे तुला दारात कान देऊन उभा. आन् बरं वाटायचं. आता बोल मला काय बोलायचं ते.

ज्ञानेश : काय बोलू? मी तर तुला मारायलाच निघालो होतो.

शितल : बोल तरी काहीतरी.

ज्ञानेश : दीड तास. भिंग लावून दीड तास मी माझीच चूक शोधत होतो, शितले.

शितल : सापडली न्हाई ना.

ज्ञानेश : न्हाई.

शितल : हसतोस काय येड्यासारखा? डोळे पूस आधी.

ज्ञानेश : ग्रीस गेलंय डोळ्यात. तुझा नवा सेट कपाटात हाय, कागदात गुंडाळलेला. जॅक लावलेलाच हाय, तेल काढून घेतो. आज रात्रीपर्यंत उघडंल, उद्या दुपारी बसंल. तू जा घरी. मी गाडी आणून देतो.

शितल : मी थांबते.

ज्ञानेश : भरवसा न्हाई?

शितल : न्हाई. आज न्हाई. ठसा मी बघणार. नीळ मी लावणार. फेरे पण मीच मोजणार.

ज्ञानेश : मोज. बराबर हाय तुझं. अनिताला आवाज दे, दोन भाकरी जास्ती टाक म्हणावं. आन् तो तेलाचा ट्रे सरकव हिकडं, मी खाली जातो.

(शितलचा फोन वाजतो. ज्ञानेश तेल काढायला गाडीखाली गेला आहे. पलीकडचं आण्णांचं बोलणं त्याला ऐकू येत नाही.)

आण्णा : निघालीस का गं?

शितल : न्हाई आण्णा. पुढचं बाकी हाय. उद्या येते.

आण्णा : उद्या? आठ दिस झालं, आन् फुडचं अजून बाकी? काय करतोय काय त्यो?

शितल : काम करतोय.

आण्णा : त्याला म्हनावं, फुडचा जुना सेट काढताना छन्नी मारू नगो. तुज्या हातचा हाय त्यो. तसलं काम परत व्हायचं न्हाई.

शितल : आण्णा, तो माझ्या हातचा न्हाई.

आण्णा : आँ?

शितल : दादाचा हाय. मी तवा नुसतं उघडलं आन् झाकलं. आवाज चाकाच्या बेरिंगचा होता.

आण्णा : कवा?

शितल : तवाच. बापूसाहेब आले होते तवा. मी तुम्हाला सांगितलं न्हाई.

आण्णा : आन् आज सांगतीस.

शितल : व्हय.

आण्णा : मी त्याच्या हातातला पाना काढून घेतल्याला.

शितल : व्हय, आण्णा.

आण्णा : चार मानसांफुडं. म्हशी राख म्हनलो.

शितल : आण्णा, चूक माझी हाय. ऐकताय ना? आण्णा?

आण्णा : ऐकतोय. त्यो सेट भंगारात टाकू नगा. डिझेलनं धुवायचा, कापडात गुंडाळून हिकडं आनायचा. मला दिसत न्हाई, पर दातावरनं बोट फिरवलं तर कळंल.

शितल : आणते. उद्या येताना आणते.

आण्णा : तू न्हाई. त्याला आनू दे.

शितल : मी येणारच हाय की आण्णा, गाडीत ठेवला तर...

आण्णा : त्यालाच आनू दे म्हनलं ना. ठेव फोन.

ज्ञानेश : सांगितलंस आण्णांना?

शितल : व्हय.

ज्ञानेश : काय म्हणले?

शितल : पाना देऊ का तुला? सतराचा?

ज्ञानेश : हाय माझ्याकडं. काय म्हणले, सांग की. शिव्याच असतील, सवय हाय मला.

शितल : शिव्या न्हाईत.

ज्ञानेश : मग?

शितल : जुना सेट मांडवगणला आणायला सांगितलाय. तुला. मी आणते म्हणले, तर नको म्हणले.